तळमजल्याची लांब गाडी

काकांशी माझं पहिलं बोलणं पाण्याच्या टँकरवरून झालं.

मी नुकतीच सोसायटीची सेक्रेटरी झाले होते. झाले म्हणजे काय, ऑफिसातून दमून सभेला उशिरा पोचले, तोवर बाकीच्यांनी माझं नाव सुचवून, अनुमोदन देऊन, टाळ्याही वाजवून टाकल्या होत्या. पुढच्याच रविवारी सकाळी टँकर फाटकाशी येऊन उभा राहिला आणि ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेचना. टँकर आत यायला वाट नव्हती. फाटकापासून जवळजवळ जिन्यापर्यंत काकांची गाडी उभी होती.

मी तळमजल्यावरची बेल वाजवली. काका बाहेर आले. सत्तरी ओलांडलेले, उंच, किंचित वाकलेले. वर इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा.

"काका, गाडी जरा काढता का? टँकर आलाय."

"काढतो की. दहा मिनिटं लागतील."

"नुसती बाहेर तर घ्यायची आहे."

"इंजिन गरम व्हायला नको?" ते म्हणाले. "तुम्ही अंथरुणातून उठल्या उठल्या जिने चढता का?"

मग बॉनेट उघडलं गेलं, आत काहीतरी फडक्याने पुसलं गेलं, बॉनेट मिटलं. गाडी खोकली, थांबली, पुन्हा खोकली आणि मग तिच्या पोटातून एक खोल घुमणारा आवाज यायला लागला. काका डोळे मिटून तो ऐकत राहिले. टँकरवाला शिव्या देत होता. फाटकाबाहेर रिक्षांची रांग लागली होती. शेवटी गाडी मागे मागे सरकत बाहेर पडली. आधी शेपूट, मग पोट, आणि बऱ्याच वेळाने नाक.

"घाई असेल त्याने रिक्षा करावी," काका टँकरवाल्याकडे बघून शांतपणे म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रिक्षातून पाणी कसं आणायचं, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

पुढची कितीतरी वर्षं दर टँकरला हे असंच चाललं. वसईत पाणी कमी आणि टँकर फार, त्यामुळे बेल वाजवायला मी पुष्कळदा गेले.

गाडी अमेरिकन होती. माझ्यापेक्षा वयाने मोठी. मूळ रंग कोवळ्या केळीच्या पानाचा असावा. उन्हापावसाने उडून तो आता भिजवलेल्या मुगासारखा झाला होता. मागे माशासारखे दोन पंख. बंपर एवढा रुंद की त्यात आमची अख्खी बिल्डिंग आडवी ताणलेली दिसायची. पुढे वेगळ्या सीट नव्हत्या, दोन दारांच्या मधे एक सलग सोफा होता. आमच्या बिल्डिंगमधे एकूण एक घर एक खोली आणि स्वयंपाकघराचं. काकांची गाडी काकांच्या स्वयंपाकघरापेक्षा लांब होती. हे मी गमतीत म्हणत नाही. पुढे नकाशे निघाले तेव्हा मोजून झालं.

रस्त्यावर भेटणारा प्रत्येक जण तिला इम्पाला म्हणायचा. ती इम्पाला नव्हती. काका सिग्नलला काच खाली करून तिचं खरं नाव सांगायचे. समोरचा लक्ष देऊन ऐकायचा आणि म्हणायचा, "म्हणजे इम्पालाच ना?" काका काच वर करायचे.

ती त्यांच्याकडे आली कशी, याच्या गोष्टी अनेक होत्या. मला त्यांनी सांगितलं, की ते ज्या कंपनीत हिशेबनीस होते तिच्या साहेबाने जाताना दिली. तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतबाईंना सांगितलं, की एका सिनेमावाल्याच्या विधवेकडून घेतली. खरं कुठलं ते मला आजही माहीत नाही. काकूंना विचारलं तर त्या म्हणायच्या, "मला काय माहीत? मी गावाला गेले होते. परत आले तर ही दारात."

काकूंना पेट्रोलचा वास सहन होत नसे. गाडीत बसल्या की फाटकापर्यंतच उलटी. त्यामुळे लग्नाला, बारशाला, देवळात दोघं एकाच वेळी घराबाहेर पडायचे. काकू रिक्षाने, काका गाडीने. काकू आधी पोचायच्या आणि मंडपाच्या दारात उभ्या राहून वाट बघायच्या. आयुष्यभर हे केलेल्या बाईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कंटाळाही नव्हता. होती ती एक प्रकारची सवय.

गाडीची आणखी एक अडचण होती. तिचं स्टेअरिंग डाव्या बाजूला होतं. आपल्याकडच्या रस्त्यावर डावीकडे बसलेल्या माणसाला पुढच्या ट्रकपलीकडचं काही दिसत नाही. म्हणून उजवीकडे कोणीतरी बसून, मान बाहेर काढून, समोरून काही येत नाही ना ते सांगावं लागे. काका विचारायचे, "मोकळं?" आणि शेजारच्याने बघून "मोकळं" किंवा "थांबा" म्हणायचं. बिल्डिंगमधल्या प्रत्येकाने कधी ना कधी ही चाकरी केलेली होती.

पहिल्या मजल्यावरच्या लोपीसांच्या मुलाचं लग्न होतं, तेव्हा चर्चला जायला काकांनी स्वतः होऊन गाडी देऊ केली. भाडं नाही, फुलंही त्यांनीच लावली. फक्त चालवणार ते. शूटिंगवाले एकदा गाडी मागायला आले होते, नुसती उभी करून ठेवायची म्हणाले; त्यांना काकांनी चहा पाजून परत पाठवलं होतं. उभी करून ठेवायला ती काय पुतळा आहे, म्हणाले. लग्नाची गोष्ट वेगळी. लग्नाला जायचं असतं.

मागच्या सीटवर नवऱ्याची आई, मावशी, दोन बहिणी आणि एक आजी अशा पाच जणी सहज मावल्या. नवरा पुढे, अर्थातच उजवीकडे. तर काळा सूट घातलेला, छातीला पांढरं फूल लावलेला तो मुलगा आमच्या उमेळ्यापासून चर्चपर्यंत खिडकीबाहेर अर्धा वाकून "थांबा अंकल… थांबा… मोकळं!" असं ओरडत गेला. चर्चच्या पायऱ्यांवर उतरला तेव्हा केस उभे, टाय खांद्यावर, आवाज बसलेला. फादरच्या प्रश्नांना त्याने दिलेली उत्तरं पहिल्या रांगेतही ऐकू आली नाहीत, असं त्याची मावशी अजून सांगते. पण त्याच्या लग्नाच्या अल्बममधे नवरीपेक्षा गाडीचे फोटो जास्त आहेत.

अशा गोष्टी सांगताना हसू येतं. त्या काळात मात्र मला हसायला फुरसत नव्हती, कारण बिल्डिंग पडायला आली होती.

समुद्राची हवा, खाडीचं पाणी आणि बांधणाऱ्याची घाई, तिन्ही मिळून आमच्या स्लॅबमधलं लोखंड फुगलं होतं. पावसाळ्यात जिन्यात छत्री लागायची. महापालिकेची नोटीस दोनदा येऊन गेली. शेवटी एक बिल्डर तयार झाला. जुनी बिल्डिंग पाडून नवी बांधायची, सगळ्यांना आधीपेक्षा मोठी घरं, लिफ्ट, खाली पार्किंग. ऑफिस सुटल्यावर मी वकिलाकडे, वास्तुविशारदाकडे, बिल्डरकडे जायची, आणि घरी आल्यावर जिन्यातच पायरीवर बसून शेजाऱ्यांच्या शंका ऐकायची. बेडरूमची खिडकी कुठे येणार, देवघर कुठल्या दिशेला. माझ्या स्वतःच्या नव्या घराची खिडकी कुठे आहे हे मी चावी मिळाल्यावर पाहिलं.

सगळ्यांच्या संमत्या आल्या. एक राहिली. काकांची.

सभेत ते नकाशा नाकाजवळ धरून बसले होते. बिल्डरच्या माणसाने विचारलं, "काय शोधताय काका? किचन मोठं दिलंय."

"पार्किंग किती लांब आहे?"

"स्टँडर्ड. कुठलीही गाडी बसते."

"माझी बसत नाही," काका म्हणाले. "नाक बाहेर राहतं."

लोक आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की ते चेष्टा करत नाहीत. गाडी पूर्ण मावेल एवढी जागा कागदावर दाखवल्याशिवाय ते सही करणार नव्हते. बिल्डरच्या माणसाने खांबांमधली अंतरं समजावली, मी हात जोडले, लोपीस चिडून निघून गेले. सावंतबाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्यांना आवाज चढवायची सवय नव्हती. त्या फक्त म्हणाल्या, "अहो, माझ्या डोक्यावर पोपडे पडतात रात्री. तुमच्या गाडीच्या डोक्यावर काही पडत नाही."

काकांनी मान खाली घातली. पण सही केली नाही.

असं वर्ष गेलं.

मी एक तोड काढली. बांधकाम होईपर्यंत आणि नंतरही गाडी ठेवता येईल अशी जागा पूर्वेला, चांदीपला होती. माझ्या ऑफिसातल्या एकाच्या मामांचं भाताचं मोठं खोपट, दाणे काढून झाल्यावर रिकामंच असे. काका बघायला तयार झाले. एका रविवारी आम्ही दोघं गाडीने निघालो. मी उजवीकडे.

हायवे लागेपर्यंत माझा घसा सुकला. ट्रकमागून ट्रक. काका विचारत होते, मी मान काढून बघत होते आणि वाटत होतं, हा माणूस माझ्या एका शब्दावर जीव सोपवतोय. हायवे ओलांडून आतल्या रस्त्याला लागलो तशी वर्दळ कमी झाली. दोन्ही बाजूला कापलेली शेतं. गाडी खड्ड्यांतून उडत नव्हती, डुलत होती. पाय पुढे पसरून बसता येत होतं. आठवड्याभराचा शीण असेल, मला चक्क डुलकी लागली. जागी झाले तेव्हा काका बैलगाडीच्या मागे, तिच्याच वेगाने, मुकाट चालले होते.

"उठवायचं ना मला!"

"त्यात काय," ते म्हणाले. "बैलालाही घाई नव्हती."

चांदीपच्या मामांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "ही गारी नाय," ते म्हणाले, "ही होरी हाय. खाडीत सोरा." आणि स्वतःच खो खो हसले. होडी म्हटल्याचं काकांनाही आवडलं. इम्पाला म्हटलं नाही यातच त्यांना समाधान होतं. मामांनी खोपट उघडून दाखवलं. उंच, कोरडं, आत दोन गाड्या राहतील एवढं.

"पावसात पानी येतं का?" काकांनी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"पानी नाय येत. ठेवा बिनघोर. वरून ताडपत्री टाकू."

काका आत जाऊन उभे राहिले. बराच वेळ. मग बाहेर येऊन मामांना नमस्कार केला आणि मला म्हणाले, "चला."

परत येताना मी नकाराचं कारण विचारलं. मला रागच आला होता. एवढी जागा, एवढा चांगला माणूस, आणि आता काय?

"तिथे ती उभी राहील," काका म्हणाले. "ताडपत्री घालून. महिन्यातून एकदा मी बसने जाणार, पुसणार, परत येणार. सेक्रेटरीबाई, त्याला स्मशानात जाऊन येणं म्हणतात."

"पण एवढं काय आहे हो हिच्यात? लोकांची घरं अडलीत."

पुढे टेम्पो होता. त्यांनी मला विचारलंही नाही, मागेच राहिले. मग सांगायला लागले.

लहानपणी ते मुंबईला चाळीत राहायचे. दहा बाय बाराची खोली, आई, वडील, काका, आत्या आणि पाच भावंडं. वडील रुग्णालयात होते, आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. म्हणजे काय ते मोठ्यांना कळलं, मुलांना नाही. त्यांच्या काकाने टॅक्सी आणली. त्या काळी टॅक्सीला अशाच मोठ्या अमेरिकन गाड्या असत.

"आम्ही सगळे तिच्यात बसलो. एकूण एक. कोणाचं कोपर कोणाला लागलं नाही. वडील मागच्या सीटवर आडवे, पाय लांब करून झोपले होते आणि आम्ही त्यांच्या पायाशी. खाली पाय ठेवायलाही जागा होती. वडील म्हणाले, ड्रायव्हर, जरा समुद्रावरून घ्या. तर तो सरदारजी खरंच समुद्रावरून घेऊन गेला." काका थांबले. "घरी त्यांना तसं पाय लांब करून झोपता यायचं नाही. खाटेखाली दोघं झोपायचे, शेजारी दोघं. त्या टॅक्सीतून उतरल्यावर आम्ही सगळे मिळून कुठे मावलो नाही पुन्हा."

हीच गोष्ट खरी, की तीही साहेब आणि विधवेच्या गोष्टींसारखीच, हे मी कधी विचारलं नाही. विचारावंसं वाटलं नाही. मी मान बाहेर काढून बघितलं आणि टेम्पोपलीकडे रस्ता मोकळा असल्याचं त्यांना सांगितलं.

त्यानंतर महिन्याभराने सावंतबाईंच्या स्वयंपाकघराचा स्लॅब पडला. सगळा नाही, ओट्यावरचा तुकडा. सकाळची वेळ होती, मी ऑफिसला निघाले होते. धप्प असा आवाज आला आणि जिन्यातून धूळ खाली आली. वर धावले तर बाई ओट्याशी बसलेल्या, केसांत चुना, उजवा हात कोपरापासून भलत्याच दिशेला वळलेला. शुद्धीवर होत्या. म्हणत होत्या, "दूध उतू गेलं बघ."

रुग्णवाहिकेला फोन लावला तर ती उड्डाणपुलाच्या पलीकडे अडकलेली. रिक्षा आणली, पण बाईंना ताठ बसवेना, पाठीलाही मार होता. लोपीसांनी आणि मी त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं. खाली आलो तर काकांची गाडी सुरू होती. मागचं दार उघडं. सीटवर गादी घातलेली. दहा मिनिटांचं गरम करणं त्यांनी कधी उरकलं कोण जाणे. की त्या दिवशी केलंच नाही.

बाईंना आडवं केलं. त्या पूर्ण मावल्या, पाय दुमडावे लागले नाहीत. त्यांचं डोकं धरायला कोणीतरी हवं होतं. काकू दुसऱ्या दाराने आत शिरल्या, पदर नाकाला लावला आणि बाईंचं डोकं मांडीवर घेतलं. मी पुढे उजवीकडे बसले.

त्या दिवशी काका जसे गाडी चालवत होते तसे मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. हॉर्न वाजवत होते. लोकांना ओरडत होते. "हटा! हटा रे!" एका ठिकाणी रस्ता खणलेला होता, तिथे त्यांनी दोन चाकं सरळ मातीच्या ढिगावर घातली. बंपर कशाला तरी घासला, मोठा आवाज आला. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. मागे काकूंना दोनदा उमासा आला. दोन्ही वेळा त्यांनी तोंड दाबून तो गिळला. बाई डोळे मिटून पडल्या होत्या. मधेच त्या म्हणाल्या, "किती मोठी आहे हो सीट," आणि काकांचा चेहरा मला शेजारून दिसला. तो मला आवडला नाही. पडलेला चेहरा होता.

हात जुळला, पण कोपर सरळ झालं नाही ते नाहीच.

स्लॅब पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका जिना चढून माझ्या दारात आले. जिना चढताना त्यांना धाप लागायची, म्हणून ते कधी वर येत नसत. "कुठे सही करायची?" त्यांनी विचारलं.

"पार्किंगचं अजून…"

"पार्किंगचं राहू द्या." त्यांनी सही केली आणि पेनाला टोपण लावलं. "वर्षापूर्वी केली असती तर बाई आज भाड्याच्या घरात असत्या. धडधाकट."

तसं नाही काका, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण ते तसंच होतं. मी पाणी दिलं, त्यांनी ते प्यायलं आणि ते गेले.

बिल्डिंग रिकामी झाली. प्रत्येक जण भाड्याचं घर शोधताना स्टेशन किती लांब, पाणी किती वेळ हे बघत होता. काकांनी रस्ता बघितला. गिरीजला एका वाडीत त्यांना जुनं बैठं घर मिळालं. पुढे मोठं अंगण, मागे केळी, आणि गाडी थेट भेंडीच्या उंच, सावलीच्या झाडाखाली. आम्ही सगळे चौथ्या-पाचव्या मजल्यांवर कोंबलो होतो, आणि हे दोघं आयुष्यात पहिल्यांदा जमिनीवर पसरून राहत होते. काकूंनी अळू लावलं, मोगरा लावला. मी एकदा गेले तर मला पिशवीभर वाल दिले. घरमालकीणबाई काकांच्या शेजारी बसून वसईतल्या होळी नावाच्या बाजाराला जाऊन आल्या होत्या, पुढच्या खेपेलाही शेजारी मीच म्हणून सांगत होत्या.

इकडे नवी बिल्डिंग वर चढत होती. पार्किंगची वाटणी करायची सभा होती तेव्हा सावंतबाई उठल्या. डाव्या हाताने टेबल धरून म्हणाल्या, "मला गाडी नाही आणि होणार नाही. माझी जागा त्यांच्या जागेला पुढेमागे जोडून द्या. भिंतीच्या कडेला." लोपीसांनी टाळ्या वाजवल्या. वास्तुविशारदाने कुरकुर करत नकाशा बदलला. काका सभेला नव्हते. त्यांना कळवायला मी फोन केला तर ते एवढंच म्हणाले, "बाईंनी?" आणि फोन ठेवला.

वास्तुशांतीच्या दिवशी बिल्डरने पूर्ण रस्ता मोकळा करून घेतला होता. फाटकाशी आम्ही सगळे उभे. गाडी आली, वळली, उतारावरून हलकेच खाली गेली आणि त्या लांब जागेत बरोबर बसली. नाक आत, शेपूट आत. लोपीसांच्या सुनेने तिला ओवाळलं. सावंतबाईंनी बॉनेटवर हात ठेवला. काका सगळ्यांना वाकून वाकून नमस्कार करत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि वाटलं, संपलं एकदाचं.

संपलं नव्हतं. मला ते कळायला काही महिने लागले.

लिफ्टमधे एकदा काकू भेटल्या. वाळल्या होत्या. "ह्यांचं काही खरं नाही," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी खाली जातात. गाडी सुरू करतात, बंद करतात, आत बसून पेपर वाचतात. जेवायला हाक मारली की वर येतात."

"बाहेर नाही नेत?"

"कुठून नेणार?"

मी खाली गेले. फाटकात उभं राहून रस्ता पाहिला, आणि माझ्या लक्षात आलं की एवढे दिवस मी तो पाहिलाच नव्हता. आम्ही जुनी बिल्डिंग सोडून गेलो तेव्हा समोर चिकूची वाडी होती. आता तिथे तीन टॉवर होते. त्यांच्या गाड्या त्यांच्या पार्किंगमधे मावत नव्हत्या, त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लागलेल्या. आमच्या फाटकासमोरही. छोटी गाडी कशीबशी वळून निघायची. काकांची लांब गाडी वळायला तिथे जागाच नव्हती. तिला राहायला जागा मिळाली होती आणि तेवढ्यात तिचा रस्ता गेला होता.

काका तळघरात, ट्यूबलाइटखाली, स्टेअरिंगमागे पेपर उघडून बसले होते. मी उजवीकडचं दार उघडून शेजारी बसले.

"काका, का नाही सांगितलंत? गिरीजचं घर अजून रिकामं आहे ना?"

"आहे. ती बाई ठेवून आहे आमच्यासाठी."

"मग जा की तिकडे."

त्यांनी पेपराची घडी घातली. पुन्हा उलगडली. पुन्हा घातली. "कसा जाऊ? बाईंनी स्वतःची जागा दिली. ज्या बाईंचा हात माझ्यापायी गेला, त्यांनी. ती टाकून निघून गेलो तर त्यांना काय वाटेल?"

ह्याचं उत्तर सावंतबाईंकडे होतं, म्हणून मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. "म्हणजे मी काय त्यांना कोंडून घालायला जागा दिली? आत्ता सांग त्यांना जायला. नको, मीच सांगते." आणि त्या पायात चपला न घालता लिफ्टकडे गेल्या. खाली काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी वरच थांबले.

काका जायला तयार झाले, आणि रस्ता मोकळा करायचं काम माझ्याकडे आलं. तिन्ही टॉवरच्या वॉचमनना, सेक्रेटरींना, मग गाडीवाल्यांना एकेक करून विनवलं. एक जण म्हणाला, का म्हणून? एक म्हणाला, माझी बॅटरी उतरलीय. एका नवख्या मुलीने मात्र विचारलं, "ती ग्रीन इम्पाला? बाहेर येणारे? मी बघायला येऊ?" तिने तिच्या मजल्यावरच्या सगळ्यांना फोन केले. रविवारी सकाळी अर्ध्या तासासाठी आमच्या फाटकासमोरचा रस्ता रिकामा झाला. बॅटरी उतरलेली गाडी आम्ही सहा जणांनी ढकलली.

काका बाहेर निघाले. गाडीने रस्त्यावर पूर्ण वळण घेतलं, सावकाश, कोणाला न लागता. लोक मोबाइल काढून उभे होते. सावंतबाई बाल्कनीतून बघत होत्या. काकांनी त्यांना हात केला नाही. खाली उतरले, वर बघून जोडलेले हात कपाळाला लावले आणि परत बसले. मी शेजारी होते. गिरीजपर्यंत "मोकळं" आणि "थांबा" एवढंच बोलणं झालं.

काकू आदल्या दिवशीच जाऊन घर झाडून बसल्या होत्या. अंगणात गाडी थांबली. काका उतरून एकदा तिच्याभोवती फिरले. मग माझ्याकडे बघत राहिले, नकाशा बघायचे तसे.

"सेक्रेटरीबाई, वय काय तुमचं?"

मी सांगितलं.

"दिसत नाही तेवढं. जास्त दिसतं," ते म्हणाले. "लोकांच्या गाड्या हलवण्यात जन्म जाईल तुमचा. सोडा आता ते."

मला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. मी ओट्यावर बसले आणि एकदम एवढी दमले, की उठून पाणी मागायचंही त्राण राहिलं नाही. सेक्रेटरीपद मी पुढच्या महिन्यात सोडलं. कोणी थांबवलं नाही, सोसायटी चालू आहे. पण त्या सकाळी तसं काही ठरवलं नव्हतं. मी फक्त खांबाला टेकले.

जाग आली तेव्हा उन्हं अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. अंगावर कोणीतरी चादर टाकली होती. भेंडीखालची जागा रिकामी होती, मातीत चाकांचे ताजे ठसे होते. काकू आतून चहा घेऊन आल्या.

"काका?"

"गेलेत," काकू म्हणाल्या. "घरमालकीणबाईंना घेऊन. सांगून गेलेत, तुला उठवायचं नाही म्हणून. तू घे चहा."

मी कप घेतला. वाडीपलीकडच्या रस्त्याने कुठेतरी लांबून तो खोल घुमणारा आवाज येत होता. जवळ येत होता की लांब जात होता, ते कळत नव्हतं. मी चहा पिऊन पुन्हा डोळे मिटले.